मॅपवर सगळं हिरवंच दिसतं, मग जंगल गेलं कुठं?

प्रश्न : आमची वस्ती निफाड तालुक्यात, चारी बाजूंनी ऊस. दोन वर्षांत बिबट्या तीनदा गोठ्यापर्यंत आला. सगळे म्हणतात जंगल कमी झालं म्हणून येतो. पण मी मोबाइलवर सॅटेलाइट मॅप उघडला तर आमच्याकडं हिरवंगार आणि त्र्यंबक-पेठकडचे डोंगरच तपकिरी! मॅपवरून खरं काय ते कसं ओळखायचं?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : ताई, तुम्ही मॅप उघडून बघितलात हेच मला फार आवडलं, बहुतेक जण ऐकीव गोष्टीवरच थांबतात. आता आधी एक गोष्ट बघा, तो फोटो कोणत्या महिन्यातला आहे? मोबाइलवरचा मॅप वेगवेगळ्या तारखांचे फोटो जोडून केलेला असतो. त्र्यंबक-पेठकडचं रान पानगळीचं, एप्रिलमध्ये ते वरून उघडंबोडकंच दिसणार, आणि पाटाच्या पाण्यावरचा ऊस त्याच वेळी हिरवा. म्हणजे उन्हाळ्यातल्या फोटोत जंगल तपकिरी आणि शेत हिरवं, सगळं उलटंच.

म्हणून कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडा, त्यात जुने फोटो तारखेसकट मागं मागं बघता येतात. नाहीतर कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट बघा, फुकट आहे, त्यात सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांचे 2015 पासूनचे फोटो आहेत, एक ठिपका म्हणजे जमिनीवर 10 मीटर. त्याहून मागं जायचं तर अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचे फोटो आहेत, 1972 पासून सुरू. पावसाळ्यातले फोटो सोडून द्या, नुसते ढग असतात. एकाच जागेचे नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे असे तीन फोटो शेजारी ठेवले की ऊस आणि रान वेगळं कळतं, कारण ऊस तोडला की तो तुकडा एकदम उघडा पडतो, रान मात्र हळूहळू सुकतं. नांदूरमधमेश्वरच्या धरणावर पण अशीच फसगत होते, पाणी आटल्यासारखं वाटतं आणि खरं तर वर पाणवेल पसरलेली असते!

आता बिबट्याचं. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या शेतीच्या भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो 2013 मध्ये छापून आला, तिथं जंगल जवळजवळ नाही आणि माणसांची दाट वस्ती, तरी 100 चौरस किलोमीटरमध्ये साधारण पाच मोठे बिबटे निघाले आणि त्याच भागातल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात जास्त वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे तिथले बिबटे जंगलातून वाट चुकून आलेले नव्हते, ते शेतशिवारातच राहणारे होते. तुमच्याकडचा बिबट्याही तसाच असू शकतो, त्याला उसात आडोसा मिळतो, ओढ्याला पाणी आणि वस्तीवर कुत्री. जंगल कमी झालं म्हणून आला, हे वाक्य मला तरी अपुरं वाटतं.

पण हे काही सॅटेलाइटवर दिसत नाही, ते तुम्हालाच काढायला लागेल. आपल्या शिवाराचा प्रिंट घ्या आणि त्यावर ओढा, पाट, वस्त्या, उघडे गोठे, कचरा पडतो ती जागा, उसाचा प्रत्येक तुकडा आणि तो तुटणार कधी हे लिहा, मग ठसे दिसले किंवा कुत्रं गेलं की तारीख टाका. ऊसतोडीच्या दिवसांत हा कागद फार कामाचा, कोणत्या बाजूनं तोड सुरू झाली की जनावर कुठल्या बांधानं निघेल याचा अंदाज येतो आणि त्या दिवशी पोरांना तिकडून पाठवायचं नाही एवढं तरी ठरवता येतं. आणि गोठा आधी बंदिस्त करून घ्या, तीनदा आलाय म्हणजे चौथ्यांदा येईलच असं धरून चाला.

उसात बछडे सापडले तर हात लावू नका, तोड थांबवा आणि वनविभागाला 1926 वर फोन करा, आई रात्री न्यायला येते. आणि ती जागा मॅपवर टाकून व्हॉट्सॲपला कृपया पाठवू नका, तासाभरात बघ्यांची गर्दी होते आणि मादी त्या उसाच्या जवळही येत नाही.