समन्स आले, आता व्हिसा जाईल का?

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांकडून आमच्या सल्ला केंद्रात एक प्रश्न वारंवार येतो: कौन्सिल टॅक्सच्या (राहत्या घरासाठी कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, द्यायच्या कराच्या) थकबाकीसाठी कोर्टाचे समन्स आले आहे, याचा व्हिसावर परिणाम होईल का? काही वर्षांपूर्वीच्या एका जोडप्याची हकीकत त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पती एका विद्यापीठात पूर्णवेळ एम.एस्सी. करत होता आणि पत्नी त्याच्या व्हिसावर अवलंबित म्हणून येऊन वृद्धाश्रमात नोकरी करत होती. कौन्सिलची सारी पत्रे त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयामागे खोचून ठेवली होती, आणि त्यांतली निम्मी फोडलेलीही नव्हती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आपण वाढतो. त्यामुळे समन्स हाती पडल्यावर जायचे नाही आणि कोणाला सांगायचेही नाही, असे दोघांनी ठरवले होते. सुनावणीला चार दिवस उरले असताना पत्नी एकटीच आली आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाली, "ताई, व्हिसा जाईल का हो?"

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात चालत असली तरी ही सुनावणी गुन्ह्याचा खटला नसते, कौन्सिल तिथे फक्त देणे वसूल करण्याची परवानगी मागते, हे मी तिला आधी सांगितले. तिचा श्वास जरा खाली बसल्यावर आम्ही कागद लावायला घेतले. मागणी १,५७५ पौंडांची होती: ऑक्टोबरमध्ये घर घेतल्यापासून त्यानंतरच्या दुसऱ्या मार्चअखेरपर्यंतचे १८ महिने, पती विद्यार्थी असल्यामुळे २५ टक्के सवलत, आणि पत्नी कमावती म्हणून उरलेला कर तिच्याकडून. वरकरणी हिशेब बरोबर दिसतो, आणि बहुतेक जण इथेच मान तुकवतात. मात्र विद्यार्थ्याचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि व्हिसाच्या अटींनुसार त्याला नोकरी करण्यास किंवा सरकारी भत्ते घेण्यास मनाई असेल, तर करापुरता तोही विद्यार्थ्यासारखाच धरला जातो. या दोन अटींपैकी एक पुरेशी असते. तिच्या व्हिसा कार्डावर भत्त्यांची मनाई स्पष्ट छापलेली होती, म्हणजे ती नोकरी करत असूनही अभ्यासक्रम चालू असेपर्यंत ते घर पूर्ण करमुक्त होते.

खरा धोका निराळाच निघाला. तिने कौन्सिलला फोन केला तेव्हा पलीकडच्या कर्मचाऱ्याने, अगदी चांगल्या हेतूने, कमी उत्पन्नासाठीच्या करकपातीचा अर्ज करायला सुचवले होते, आणि अर्धा भरलेला तो अर्ज तिच्या पर्समध्ये होता. ही उत्पन्नावर आधारित करकपात सरकारी भत्त्यांत मोडते, त्यामुळे ती घेणे म्हणजे व्हिसाची अट मोडणे. विद्यार्थ्यांची करमाफी किंवा एकट्या राहणाऱ्याची २५ टक्के सवलत मात्र भत्त्यांत धरली जात नाही. तो अर्ज मी तिच्यासमोरच फाडला, जे मी सहसा करत नाही.

विद्यापीठाच्या दाखल्यावर अभ्यासक्रमाची अखेर ३० सप्टेंबर होती, आणि आता जानेवारी चालू होता. म्हणजे ऑक्टोबरपासून करमाफी नाही आणि २५ टक्क्यांची सवलतही नाही. दुसऱ्या दिवशी पतीही आला आणि त्याने हळूच विचारले, "हे कौन्सिलला सांगायलाच हवे का?" सांगायलाच हवे होते, असा बदल २१ दिवसांत कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास ७० पौंड दंड होऊ शकतो, आणि स्वतःची तारीख लपवून दुसऱ्याची चूक दाखवणारे पत्र मी लिहून देत नाही. एकाच पत्रात आम्ही दोन्ही गोष्टी लिहिल्या, सोबत दाखला आणि व्हिसा कार्डाची प्रत जोडली.

करमाफीचा वाद मॅजिस्ट्रेट ऐकत नाहीत. त्यासाठी आधी कौन्सिलला लेखी कळवायचे, आणि कौन्सिलने नकार दिला किंवा दोन महिन्यांत उत्तरच दिले नाही तर व्हॅल्युएशन ट्रिब्यूनलकडे, म्हणजे या कराचे वाद ऐकणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जायचे. तरीही सुनावणीला जा, असे मी आग्रहाने सांगितले, कारण कौन्सिलचा माणूस तिथे भेटतो. पती लग्नातला कोट घालून गेला. न्यायाधीशांसमोर उभे राहण्याची वेळच आली नाही. बाहेरच्या मार्गिकेत त्या माणसाने पत्राची प्रत वाचली आणि प्रकरण पुढे ढकलायला संमती दिली.

पाच आठवड्यांनी सुधारित बिल आले. पहिले १२ महिने शून्य, पुढच्या सहा महिन्यांचे पूर्ण दराने ७०० पौंड, समन्सचा खर्च माफ. दरमहा १०० पौंडांचे सात हप्ते ठरले, आणि कालनिर्णयावर प्रत्येक १ तारखेच्या चौकटीत पत्नीने 'कौन्सिल' असे लिहून ठेवले. नव्या वर्षाचे बिल तिने आले त्याच दिवशी फोडले आणि घराचा बँड, म्हणजे ज्यावरून कर ठरतो तो किमतीचा गट, चुकलेला तर नाही ना, हे विचारायला मला फोन केला. बँड बरोबर होता.