एक्स्पोजरची सूत्रं फक्त परीक्षेपुरतीच असतात का?

प्रश्न विचारणारा निपाणीकडचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात इमेजिंग डिप्लोमाचं पहिलं वर्ष. एक्स-रेला किरणं किती द्यायची (एक्स्पोजर) त्याची सूत्रं घोळतात, कुठली पाठ करू? आणि सीनियर म्हणतात कामाला लागल्यावर ती कुणी वापरत नाही, हे खरं का?

साफ खोटं. हे वाक्य मी इतक्या एक्स-रे रूममध्ये ऐकलंय की आधी त्याचाच हिशेब करतो, तुमची यादी नंतर.

फिल्मच्या काळातली, एका छोट्या दवाखान्यातली गोष्ट. भिंतीवरचा चार्ट टेबलाचा, म्हणजे १०० सेंमी अंतराचा. त्यात छातीला ७० केव्ही (किरणांचा जोर ठरवणारं व्होल्टेज), ३ एमएएस (करंट गुणिले वेळ, म्हणजे किरणांचं प्रमाण). पेशंट उभा केला स्टँडला, किरणं सोडणारी ट्यूब नेली १८० सेंमीवर, एक्स्पोजर मात्र चार्टचंच. फिल्म पांढरीफटक. जुने टेक्निशियन म्हणाले, "दहा केव्ही वाढीव, हाताला अंदाज असतोय." ८० लावलं, तरी फिकी. ९० लावलं, तेव्हा जमली. "बघ, आली का नाही?"

आली, पण तिसऱ्या खेपेला. आता गणित बघा. १८० भागिले १००, त्याचा वर्ग ३.२४. म्हणजे एक्स्पोजर सव्वातीन पट हवं. केव्ही १५ टक्के वाढवला की एमएएस दुप्पट केल्यासारखं होतं. ७० चे ८० म्हणजे जेमतेम दुप्पट, तिथं फिल्म फिकी येणारच होती. ९० ला ती सव्वातीन पट गाठली गेली. अंदाज चुकला नव्हता, सूत्राच्याच वाटेनं गेला, फक्त पेशंटला तीनदा किरणं देऊन. आधी हिशेब केला असता तर ३ गुणिले ३.२४, साधारण १० एमएएस, एकाच फिल्ममध्ये काम.

हे १० सुद्धा कसे बनवता ते महत्त्वाचं. २०० एमए (ट्यूबचा करंट) वर ०.०५ सेकंद किंवा ५० एमए वर ०.२ सेकंद, गुणाकार तोच. पण छातीला चौपट वेळ दिलात की कडा हलतात. चिकोडी-अथणीकडची आजी "श्वास रोखा" म्हटल्यावर तुमच्याकडं बघत बसते. "उसिरु हिडीरी, अळ्ळाडब्याडरी" (श्वास धरा, हलू नका) असं कन्नडमध्ये म्हटलं की लगेच थांबते. कन्नड येत नसेल तर निदान वेळ कमी ठेवा.

आता घोळ कुठं होतो ते. अंतराची दोन सूत्रं आहेत आणि ती एकमेकांची उलटी दिसतात. तीव्रतेचं (आय म्हणजे तीव्रता, डी म्हणजे अंतर): आय१ भागिले आय२ बरोबर डी२ वर्ग भागिले डी१ वर्ग. एमएएसचं: एमएएस१ भागिले एमएएस२ बरोबर डी१ वर्ग भागिले डी२ वर्ग. पहिलं सांगतं लांब गेल्यावर किरणं किती विरळ होतात, दुसरं सांगतं ते भरून काढायला किती द्यायचं. उत्तर आल्यावर एवढंच तपासा: लांब गेलोय आणि एमएएस कमी आला? मग वरचं खाली धरलंत.

ग्रिडचं, म्हणजे विखुरलेली किरणं अडवणाऱ्या जाळीचं, सोपं आहे; ८:१, १२:१ हे तिचे प्रकार. ग्रिड नसेल तर १, ८:१ ला ४, १२:१ ला ५. नव्या ग्रिडच्या आकड्याला जुन्याच्या आकड्यानं भागून एमएएसला गुणायचं. ४० एमएएस १२:१ वर बसत असेल तर ८:१ वर ३२. वॉर्डात पोर्टेबलवर ग्रिड काढून टाकलात आणि एमएएस तसाच ठेवलात की फिल्म काळीकुट्ट.

जाडीसाठी दर सेंमीला २ केव्ही. १२ सेंमी गुडघ्याला तुमच्या मशीनवर ६० बसतो, तर १५ सेंमीला ६६. इथं मूळ आकडा तुमच्याच मशीनचा हवा, गाईडमधला नको. खानापूर तालुक्यात व्होल्टेज पडलं आणि जुन्या मशीनचं लाइन कॉम्पेन्सेटर (व्होल्टेजची घट भरून काढणारी सोय) लावलं नाही, तर पॅनेलवर ७० दिसतात आणि ट्यूबला ६१ मिळतात. ६१ म्हणजे एक्स्पोजर निम्म्यावर. मग पोरं फिल्म धुण्याच्या रसायनाला, डेव्हलपरला, शिव्या घालत बसतात.

"आता डिजिटल आहे, चालतंय" हे तर त्याहून वाईट. फिल्म निदान काळी पडून चूक दाखवायची. डीआर (डिजिटल रेडिओग्राफी) वर दुप्पट दिलं तरी चित्र देखणंच येतं, पेशंटला मात्र दुप्पट जातं. म्हणून डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे एक्स्पोजर ठरलेल्यापेक्षा किती चुकलं ते दाखवणारा मशीनवरचा आकडा, बघायचा: शून्य म्हणजे बरोबर, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. उणेला चित्र दाणेदार येतं म्हणून सगळे ओरडतात. अधिकला कुणीच ओरडत नाही.

एक कबूल करतो. त्या टेक्निशियनचं केव्ही वाढवून निभावलं कारण ती छाती होती. छातीला चढा केव्ही चालतो, उलट बरगड्यांमागचं फुफ्फुस नीट दिसतं. तेच मनगटाला केलं असतं तर हाडाच्या बारीक रेषा करड्यात बुडाल्या असत्या. आणि १५ टक्क्यांचा नियम हा ठोकताळा आहे. ६० ते १०० च्या पलीकडं त्यावर फार विसंबू नका.

हीट युनिट (ट्यूबच्या उष्णतेचं माप) आणि मॅग्निफिकेशन (प्रतिमा किती मोठी येते ते) पेपरात येतं, ती एका संध्याकाळी होतात. त्याआधी वही घ्या, मशीनवर प्रत्येक चांगल्या एक्स-रेचं जाडी, अंतर, ग्रिड, केव्ही, एमएएस लिहा. वर तारीख टाका. ट्यूब बदलली की ते पान रद्द.