झोन मोठा, म्हणजे अर्क जोरदार?

प्रश्न : माझ्या कडुनिंबाच्या मिथेनॉल अर्काने स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर २० मि.मी. झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) दिला, जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कने (औषध मुरवलेल्या कागदी चकतीने) २२. ‘जवळजवळ अँटिबायोटिकइतकाच प्रभावी’ असं प्रबंधात लिहू का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, नांदेड)

नका लिहू. आधी साधा हिशेब करा. समजा, १०० मि.ग्रॅ./मि.लि. अर्काचे ५० मायक्रोलिटर वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) घातलेत, म्हणजे ५ मि.ग्रॅ. गेले. डिस्कमध्ये जेंटामायसिन असतं फक्त १० मायक्रोग्रॅम. तुमचा अर्क ५०० पट जास्त आहे आणि तरीही मागेच! शिवाय झोन म्हणजे निव्वळ ताकद नव्हे, आगरमधून (प्लेटमधल्या जेलीसारख्या थरातून) पदार्थ किती सरकला तेही त्यात येतं. तेलकट किंवा मोठ्या रेणूंचा अर्क वेलच्या काठालाच बसून राहतो आणि बिचारा उगाच नापास होतो. तुलना करायची तर एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढा. आणि ज्या डीएमएसओ या द्रावकात अर्क विरघळवला, तोच तेवढाच एका वेलमध्ये एकटा घाला. ही वेल नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

प्रश्न : तोच अर्क, तोच जिवाणू, मागच्या आठवड्यात १८ मि.मी., या आठवड्यात १३. कुठे चुकतंय? (लातूर)

बहुतेक वेळा अर्क निर्दोष असतो, प्लेट बिघडलेली असते. पहिला संशय जिवाणूंच्या दाटीवर. ती ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचं माप) हवी, म्हणजे साधारण १.५ × १०⁸ जिवाणू प्रति मि.लि. गढूळपणा ताडून पाहायची मानक नळी प्रयोगशाळेतच बनते : १% सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मि.लि. आणि १.१७५% बेरियम क्लोराइड ०.०५ मि.लि. वापरण्याआधी नळी हलवा, कारण गाळ तळाशी बसलेला असतो. नळीशी जुळवलेलं जिवाणूंचं द्रावण १५ मिनिटांत प्लेटवर गेलं पाहिजे. चहा पिऊन आलात तर दाटी बदललेली असेल आणि झोन लहान दिसेल.

दुसरा संशय आगरच्या जाडीवर. ९० मि.मी. प्लेटमध्ये २५ मि.लि. म्युलर-हिंटन आगर (या चाचणीचं माध्यम) ओतलं की ४ मि.मी. थर होतो. टेबल तिरकं असलं की एका बाजूचे झोन मोठे, दुसऱ्या बाजूचे लहान.

आणि पाणी! आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. डिस्टिल्ड संपलं म्हणून माध्यमात ते वापरलं, तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे स्युडोमोनास या जिवाणूवर जेंटामायसिनचा झोन आक्रसतो. म्हणून रोज तपासणीसाठी एक मानक वाणही लावा : स्टॅफिलोकोकसच्या एटीसीसी (जिवाणूंचा संग्रह) २५९२३ या वाणावर जेंटामायसिनचा झोन १९ ते २७ मि.मी.च्या बाहेर गेला, तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेटा रद्द समजा. रात्री लाइट गेली होती का, तेही वहीत लिहा. ३५ अंशाचा इनक्युबेटर मे महिन्यात बंद पडला तर गार होण्याऐवजी तापतो.

प्रश्न : एमआयसीला अर्काच्या हिरव्या रंगामुळे जिवाणू वाढल्याचा गढूळपणा दिसतच नाही. (छत्रपती संभाजीनगर)

रेझाझुरिन हा रंग वापरा. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर वाढ आहे. मात्र काही अर्क स्वतःच त्याला गुलाबी करतात. म्हणून अर्काच्या प्रत्येक पातळीला जिवाणूविना एक वेल ठेवा. कच्च्या अर्काची एमआयसी १००० मायक्रोग्रॅम/मि.लि.च्या वर गेली, तर आमच्या मते त्यात फार जीव नाही.

प्रश्न : दगडीपाल्याचा रस प्लेटवर झोन देतो. मग शेतात कापलं की चोळून लावायला हरकत काय? (शिक्षक, बीड)

प्लेटवर रक्त नसतं, पू नसतो. जखमेतल्या प्रथिनांना अर्कातले घटक चिकटतात आणि पुढे जिवाणूंसाठी उरतं थोडंच. टॅनिन (तुरट घटक) जास्त असलेल्या अर्कात हे ठळक होतं. त्यातून बांधावरचा पाला धुतला तरी मातीतले बीजाणू, धनुर्वाताचेसुद्धा, त्यावर राहू शकतात. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधी घेतलं ते दवाखान्यात सांगा. शाळेत प्रयोग करायचा असेल तर जखमेतला नमुना कधीच वाढवू नका. बॅसिलस सबटिलिसचं निरुपद्रवी वाण घ्या, प्लेटा चिकटपट्टीने बंद करा आणि उघडण्याआधी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १५ पौंड दाबाखाली ३० मिनिटं ठेवा.