वर्गातल्या चर्चेत समलिंगी लोकांबद्दल कोणी वाट्टेल ते बोललं, तर तिथल्या तिथे काय उत्तर द्यावं?

तुमच्या प्रश्नातली हकीकत थोडक्यात अशी: बीएच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात समलिंगी विवाहाचा विषय निघाला. एक मुलगा म्हणाला, "हा आजार आहे, असल्यांना फटके दिले पाहिजेत." वर्ग हसला, सरही हसले. तुम्ही विरोध केलात तर मागच्या बाकावरून आवाज आला, "तुला का एवढं लागतंय? तू पण त्यातलीच का?" तुम्ही गप्प बसलात. आणि आता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी तुमच्या नावापुढे '३७७' लिहितंय, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलमाचा आकडा.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मूलभूत हक्क शिकवताना हा विषय येतोच आणि आला की वर्ग तापतो. त्यामुळे माझं उत्तर टेबलाच्या अलीकडून आहे, पण बाकावरून बोलणाऱ्यालाही त्यातलं बरंच कामी येईल.

आधी 'तू पण त्यातलीच का'चं बघू, कारण तोंड बंद करायला हेच वापरतात आणि ते बहुतेक वेळा लागू पडतं. याला 'नाही' म्हणू नका. "नाही, मी नॉर्मल आहे, पण…" असं सुरू केलंत की तसं असणं ही शिवीच आहे हे तुम्ही मान्य करून बसता. 'हो' म्हणायलाही कोणी बांधील नाही. भर वर्गात तसं विचारायचा अधिकार कोणालाच नाही. माझ्या वर्गात एका मुलीने जे उत्तर दिलं ते मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. ती मागे वळून म्हणाली, "कर्जमाफीवर बोलताना मी तुझ्याकडे सातबारा मागितला होता का?" आमच्याकडे निम्मा वर्ग शेतकऱ्यांच्या घरचा. हशा पिकला, पण या वेळी विचारणाऱ्यावर.

हशा हीच या प्रकरणातली खरी अडचण आहे. वाद घालणाऱ्याला उत्तर देता येतं, हसणाऱ्याला काय देणार? आमच्याकडे तर बऱ्याचदा शब्दसुद्धा नसतो. विषय निघाला की मागून कोणीतरी तळहात आडवे करून एक टाळी वाजवतो, बस्स. 'छक्का', 'बायल्या', 'मीठा' हे पुढचं. अशा वेळी मी चिडत नाही, भाषणही देत नाही. थांबते, आणि टाळी वाजवणाऱ्याला म्हणते, "जे म्हणायचंय ते उभं राहून, पूर्ण वाक्यात म्हण." बसून फेकलेली गोष्ट उभं राहून बोलायची वेळ आली की दहातले आठ जण "काही नाही मॅडम" म्हणतात. तुम्ही विद्यार्थिनी आहात, कोणाला उभं करू शकत नाही. पण अगदी साध्या आवाजात "नीट ऐकू आलं नाही, परत सांग" एवढं म्हणू शकता. टोमणा न मारता म्हणायचं. हसत हसत म्हणालात तर तोही हसण्यावारी नेईल.

उरलेले दोघे मात्र बोलतात, आणि बोलावंच. त्यांचे मुद्दे ठरलेले असतात.

'हे पाश्चात्त्यांचं फॅड आहे' हा पहिला. त्यावर मी फळ्यावर फक्त १८६० लिहिते. भारतीय दंड संहिता त्या साली झाली; कलम ३७७ तिच्यातलं, आणि तिचा मूळ मसुदा मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याच्या आयोगाचा. म्हणजे बाहेरून आलेली गोष्ट असेल तर ती हे कलम आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारं. खुद्द इंग्लंडने १९६७ साली प्रौढ पुरुषांमधले खाजगी संबंध गुन्ह्यातून काढले. त्यांनी टाकून दिलेलं आपण पुढे पन्नास वर्षं जपून ठेवलं.

इथे काही जण उत्साहाने शिखंडी आणि खजुराहो काढतात. मी काढत नाही. पूर्वजांची परवानगी दाखवून हक्क मागायचा ठरला तर उद्या कोणी मनुस्मृतीतलं प्रायश्चित्त दाखवेल, मग काय करायचं? त्यापेक्षा आपल्या अगदी जवळचं एक उदाहरण आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवायचे. त्यात अनोळखी वाचक लैंगिक आयुष्याबद्दल प्रश्न पाठवायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. तुम्ही आम्ही इथे करतो तेच. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा प्रश्नांवरच्या उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते. पण सांगताना जास्तीचं काही चिकटवू नका. बाबासाहेबांनी समलिंगी हक्कांचा पुरस्कार केला, असं या खटल्यावरून म्हणता येत नाही. लोक खरोखरचे प्रश्न विचारत असतील तर उत्तर देणं अश्लील कसं, आणि कोणाला त्यात विकृती दिसत असेल तर तीही ज्ञानाशिवाय कशाने जाणार, असा त्यांचा मुद्दा होता. तुमच्या वर्गासाठी तो पुरेसा आहे.

'आजार आहे' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: कोणत्या डॉक्टरांच्या मते? जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने, २०१८ साली हा आजार नाही असं जाहीर केलं. मला यातलं सगळ्यात आवडणारं प्रकरण मात्र मद्रास उच्च न्यायालयातलं आहे. दोन मुली घर सोडून एकत्र राहायला गेल्या, आईवडिलांनी पोलिसांत तक्रार दिली, मुली संरक्षण मागायला कोर्टात आल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी सरळ मान्य केलं की हा विषय आपल्याला पुरेसा कळलेला नाही, आणि निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन तो समजून घेतला. जून २०२१ च्या त्या आदेशानंतर, २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्यांना 'बरं करण्याचे' उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. गंमत बघा, त्याच आयोगाने २०२४ च्या ऑगस्टअखेर एमबीबीएसच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांमध्ये घातले आणि ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत मागे घेतले. तेव्हा तुमच्या वर्गातला मुलगा काही एकटा नाही.

'अशी माणसं आहेतच किती?' याचं उत्तर न्यायालयानेच दोनदा दिलंय, आधी चुकीचं आणि मग बरोबर. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ रद्द केलं. (तो निकाल देणाऱ्या खंडपीठातले मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा सोलापूरचे. आमच्या वर्गात हे सांगितलं की मुलं जरा सावरून बसतात.) डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि या लोकांची संख्या नगण्य आहे हेही एक कारण दिलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते पुसून टाकलं. हक्क डोकी मोजून मिळत नाहीत, हे राज्यशास्त्राच्या वर्गात तरी वेगळं सांगावं लागू नये.

विवाहाबद्दल मात्र नीट माहिती ठेवून बोला, नाहीतर तिथे अडकाल. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क दिलेला नाही. तो विषय संसदेचा म्हटलं. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. त्यामुळे लग्नाला विरोध करणारा मुलगा कायद्याला धरून बोलतोय असं म्हणू शकतो, आणि ते मत मांडायचा त्याला अधिकार आहे. फटके द्यायची भाषा वेगळी. तुम्ही ही रेघ वर्गात बोलून दाखवलीत तर काठावरचे बरेच जण तुमच्याकडे येतील.

आता हे सगळं पाठ केलं तरी वर्ग बदलतो का? माझा अनुभव विचाराल तर निकालांनी वर्ग गप्प होतो, बदलतो तो दुसऱ्याच गोष्टीने.

एका वर्षी एक मुलगा खूपच भडकला होता. आवाज चढलेला, मुठी बाकावर. मी मुद्दे खोडत गेले तसा तो आणखी तापला. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्हाला बोलायला काय जातंय? उद्या माझ्या भावाने असं केलं तर गावात तोंड कसं दाखवायचं? बहिणीला स्थळ कोण आणणार?" तोपर्यंतचे सगळे मुद्दे, आजार आणि संस्कृती आणि पाश्चात्त्य, ते याच्यावर टाकलेलं पांघरूण होतं. आणि ही भीती खोटी नव्हे. ज्या गावात घरातल्या एकाने जातीबाहेर लग्न केलं तर धाकट्यांची स्थळं परत जातात, तिथे तो हवेतलं बोलत नव्हता. मी त्याला म्हटलं, "हा प्रश्न खरा आहे. मग गाव चुकतंय की भाऊ?" तो काही बोलला नाही.

बोलली ती पुढच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज मी वर्षभरात हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. तपशील बदलून सांगते. तिच्या नात्यातल्या एकीचं लग्न अशाच एका मुलाशी लावून दिलं होतं. मुलाच्या घरच्यांना माहीत होतं. लग्न झालं की सुधारेल असा हिशोब. तो तिच्या खोलीतही फिरकायचा नाही. दोष तिच्यात काढला, देवदेव केलं, बारामतीच्या डॉक्टरकडे तपासण्या तिच्याच. शेवटी माहेरी आली तेव्हा लोक म्हणाले, हिलाच नांदता आलं नाही. हे सांगून ती मुलगी त्या मुलाला म्हणाली, "तुझ्या भावाचं असं लपवून लग्न लावशील, तेव्हा ती पण कोणाची तरी बहीणच असेल ना?"

त्या दिवशी तास संपल्यावरही कोणी उठेना. त्या मुलाचं मत तिथेच पालटलं असं मी म्हणणार नाही. पण नंतर त्याच्या मागच्या बाकावरून टाळी आली नाही. तुम्हाला सांगायचं एवढंच की समोरचा जास्त तापला तर तुम्हीही तापू नका, "तुझ्या घरात असं झालं तर तुला कशाची भीती वाटते?" असं विचारून बघा. उत्तर मिळेलच असं नाही. एक पथ्य मात्र पाळा: उदाहरण देताना वर्गातल्या, गल्लीतल्या, नात्यातल्या ओळखता येईल अशा कोणाचंही गुपित फोडायचं नाही, कितीही चांगल्या हेतूने असलं तरी.

राहिला ग्रुपवरचा '३७७'. आधी एक कोरडी माहिती: १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात हे कलमच नाही. २०१८ नंतर ते मुख्यतः जबरदस्तीच्या प्रकरणांपुरतं उरलं होतं. आता तेही गेल्यामुळे पुरुषावर पुरुषाने बलात्कार केला तर कोणतं कलम लावायचं, हा खरा पेच उभा राहिलाय. चर्चेची हौसच असेल तर वर्गाने यावर करावी.

पण तुमच्या बाबतीत जे चाललंय ते चेष्टेत मोडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत भर घातली: लैंगिक कल, लिंग, जात, धर्म, रूप, भाषा अशा कारणांवरून दुसऱ्या विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं, वाळीत टाकणं हेही रॅगिंग, आणि तो विद्यार्थी नवखाच असला पाहिजे असं नाही. तुम्ही समलिंगी आहात की नाही हे तक्रारीत लिहायची गरज नाही, कोणी विचारलं तरी सांगायची नाही. प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असावीच लागते. तिथे "पोरं आहेत, सोडून द्या" ऐकायची तयारी ठेवा, आणि त्या नियमाची छापील प्रत सोबत न्या. कागद टेबलावर ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो. समितीने दाद दिली नाही तर १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मनावर फारच आलं असेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, मराठीतही बोलता येतं.

सरांचं काय करायचं, हेही विचारलंयत. शिक्षक हसला की वर्गाला परवाना मिळतो, त्यामुळे त्यांचं हसणं मी त्या मुलाच्या वाक्याइतकंच गंभीर मानते. तरी माझ्या पेशातल्या लोकांना मी ओळखते: पुष्कळजण हसतात ते पुढे काय बोलावं हे सुचत नाही म्हणून. तक्रारीआधी एकदा एखाद्या मैत्रिणीला सोबत घेऊन स्टाफरूममध्ये जा. "सर, २०१८ च्या निकालावर एक तास घ्याल का? मी टिपणं काढून आणते" असं म्हणा. न्या. इंदू मल्होत्रा यांचं निकालपत्र त्यात तुलनेने छोटं आहे. समलिंगी व्यक्तींची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी, असं त्यांनी त्यात लिहिलंय. सर हो म्हणाले तर उत्तम. उडवून लावलं तर समितीच्या अर्जात तेही एका ओळीत लिहा.

ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट मात्र आजच काढा, तारीख आणि नंबर दिसतील असे. तक्रारीची कुणकुण लागली की 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायला कोणाला वेळ लागत नाही.