'रेलरोडिंग'ला मराठीत काय म्हणावं?

ठाण्यातल्या एका वाचकाने विचारलंय: "आम्ही मित्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या धर्तीचे भूमिकाखेळ मराठीतून खेळतो (प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने गोष्ट चालवायची). खेळ चालवणारा आपल्या ठरलेल्या कथेबाहेर कुणाला पाऊलच टाकू देत नाही, त्याला इंग्रजीत रेलरोडिंग म्हणतात. 'रूळबद्धता' चालेल का?"

माझं मत, नको. मराठीत रूळ हा भल्याचा शब्द आहे. विस्कटलेला संसार रुळावर येतो, रखडलेलं काम रुळावर येतं. त्यात 1853 साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली. तिथे "तुझा खेळ रूळबद्ध होता" ही तक्रार आहे हे कळणार कुणाला? इंग्रजी क्रियापदाचा रोख जबरदस्तीवर आहे: विरोध न जुमानता ठराव मंजूर करून घेणं, तसं. त्याला आपण 'रेटणे' म्हणतो खरं, पण 'कथा रेटली' म्हटलं की कंटाळवाणी मालिका डोळ्यांपुढे येते.

मला 'दामटणे' नेमका वाटतो. आपलंच घोडं पुढे दामटणारा माणूस प्रत्येकाने पाहिलेला असतो. "सूत्रधाराने गोष्ट दामटली" (सूत्रधार म्हणजे खेळ चालवणारा) हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

मात्र शब्द जपून वापरा. कथानक ठरलेलं असणं म्हणजे दामटणं नव्हे. समजा, खेळ 1737 मधला आहे. पोर्तुगीज ठाण्याचा किल्ला बांधतायत (आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे) आणि खेळाडू मराठ्यांचे हेर. सूत्रधाराच्या मनात त्यांनी पहारेकऱ्याला लाच देऊन आत शिरायचंय. खेळाडू म्हणतात, खाडीतून होडीने जाऊ. होडी नाही. गवंड्यांत मिसळू? आज काम बंद. भिंत अर्धवट आहे ना, तिथून चढू? नेमका तिथेच पहारा. हे दामटणं. तोच सूत्रधार आधी एवढंच ठरवून बसला असता, की पहारेकऱ्याला काय हवंय, भरती कधी येते, गवंडी कुणावर चिडलेत आणि हेरांनी काहीच केलं नाही तर उद्या काय घडेल, तर तिन्ही वाटा खुल्या राहिल्या असत्या. किल्ला शेवटी मराठ्यांनी घेतला, हा इतिहासही जागच्या जागी राहिला असता.

कोकणातल्या दशावतारात हे मुरलेलं आहे. आख्यान ठरलेलं, संवाद मात्र उत्स्फूर्त. फरक इतकाच की तिथे नटांना शेवट ठाऊक असतो, तुमच्या खेळाडूंना नसतो. म्हणून लिहून आणलेल्या कथेला 'आख्यान' म्हणायलाही माझी हरकत नाही.

उलट टोकाच्या 'सँडबॉक्स'ला, म्हणजे खेळाडूंनी हवं तिकडे जावं अशा खेळाला, 'मोकळं रान' म्हणा. त्यातही सुरुवातीला दोन-तीन ठळक खुणा दाखवाव्या लागतात, नाहीतर खेळाडू पहिला तासभर "आता कुठे जायचं?" यावरच वाद घालत बसतात.