पडवीला झोळ पडलाय : घरदुरुस्तीचे प्रश्न

प्रश्न : आमची पडवी २० फूट लांब, ८ फूट रुंद, मंगलोरी कौलांची आहे. दोन्ही टोकांना चिऱ्याचे खांब. मधला लाकडी खांब मोटारसायकली लावायला अडचण होते म्हणून काही वर्षांपूर्वी काढला. आता मधोमध तीन इंचांचा झोळ आलाय आणि पावसात तिथूनच गळतं. सुतार म्हणतो, दोन गडी आणि गाडीचा जॅक घेऊन एका दिवसात उचलून देतो. करून घ्यावं का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : उचलून घ्या, पण एका दिवसात नाही, आणि मधला खांब परत उभा करायचा नसेल तर अजिबात नाही. दुखणं छपराचं नाही, काढलेल्या खांबाचं आहे. गाळा (दोन खांबांमधलं अंतर) दुप्पट झाला की फुटामागे तेवढ्याच वजनाखाली तीच तुळई सोळापट लवते. दहा फुटांच्या गाळ्यात दोन सूत (आठ सुतांचा एक इंच) लवणारी तुळई वीस फुटांच्या गाळ्यात चार इंच लवते. तुमचं तीन इंचांवर निभावलं, याचा अर्थ लाकूड चांगलं आहे.

वजनाचा अंदाज घ्या. पागोळीचा भाग धरून उतरतं छप्पर २०० चौरस फुटांच्या घरात जातं. शंभर चौरस फुटांना साधारण १४० कौलं, एक कौल अडीच किलोच्या आसपास. म्हणजे नुसती कौलं ७०० किलो, वासे-रिपा वेगळ्या. निम्मं वजन भिंत घेते, निम्मं तुळई. आषाढात कौल पाणी पितं तेव्हा हा आकडा आणखी चढतो.

आधी तपासणी. तुळईच्या बगलेला, खालच्या कडेशी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणा आणि मधला झोळ सुतात मोजून भिंतीवर लिहून ठेवा. मग तुळईची टोकं चिऱ्यावर जिथे टेकतात तिथे पेचकस दाबून पाहा. तो अर्धा इंच सहज आत गेला तर टोक कुजलंय. अशी तुळई उचलायची नाही, बदलायची. मधोमध खालच्या अंगाला नीट बघा. लाकडाच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या चिरा वाळताना पडतात, त्यांना घाबरू नका. रेषे आडवे तुटून खालच्या कडेला कुसं निघाली असतील, तर मात्र ती तुळई गेली.

तुळई शाबूत असेल तर पहिल्या दिवशी कौलं उतरवा. कौलांसकट उचललं तर एकमेकांत अडकलेल्या खाचा तुटतात आणि पन्नासेक कौलं फुकट जातात. उतरवणं वरच्या ओळीपासून खाली, चढवणं खालून वर. उतरवलेली कौलं कडेवर उभी रचा, आडव्या थप्प्या लावू नका. वरच्या ओळीवर भिंतीलगत मारलेला सिमेंटचा थर छिन्नीने आधीच फोडा आणि वाशांच्या वरच्या टोकांचे खिळे सैल करा. तुळई तीन इंच वर येताना प्रत्येक वासा भिंतीकडच्या टोकावर थोडा फिरतो. त्याला फिरायला जागा नसेल तर खिळ्यापाशी चिरतो. पडवीतल्या दिव्याची वायरही बहुतेक वाशालाच खिळलेली असते, तेव्हा मेन स्विच बंद करूनच हात लावा.

जॅक किती टनांचा, याची चिंता नको. कौलं उतरल्यावर उचलायचं वजन दोन-तीनशे किलोंच्या पुढे जात नाही. अपघात होतो तो जॅक घसरल्याने किंवा खालची फरशी फुटून तो तिरका झाल्याने. गाडीचा जॅक या कामाचा नाही. सेंट्रिंगचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडून आट्याचे दोन लोखंडी प्रॉप (चकती फिरवून उंच करायचे टेकू) आणा. नव्या खांबाची जागा मोकळी सोडून तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटावर ते ओळंब्यात उभे करा. खाली दोन इंच जाड, दहा इंच रुंद फळी, वर तुळईला लागून दुसरी फळी. जवळच एक लाकडी धीर, म्हणजे टेकू, पाचरीवर उभा ठेवा आणि प्रॉप फिरवला की पाचर ठोकून तो लगेच ताठ करत चला. हायड्रॉलिक जॅक हळूहळू बसतो, त्याच्यावर रात्रभर वजन ठेवू नये.

एका वेळी दोन सूत, त्याहून जास्त नाही. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तीन इंच म्हणजे चोवीस सूत, आठवडाभराचं काम. एवढ्यासाठी सुतार रोज बोलवायची गरज नाही. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तो हवा, मधल्या दिवसांत प्रॉपची चकती घरचं माणूसही फिरवू शकतं. कडकडाट ऐकू आला तर थांबा, एक सूत खाली घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. वर्षानुवर्षं लवलेलं लाकूड बाक धरतं. सगळा बाक निघेलच असं नाही, आणि तो काढायचा हट्ट धरला तर तुळई मोडते. अडीच इंच निघाला तरी खूप झालं. सुतळीच्या रेषेला सहज पोचलीच, तर तीन-चार सूत वर ठेवा. कौलांचं वजन आल्यावर ती तेवढी खाली बसते.

खांबाचा पाया हे सगळं सुरू करण्यापूर्वीच घालायचा. दोन बाय दोन फुटांचा खड्डा, दोन फूट खोल (कातळ लागला तर तिथेच थांबा), १:२:४ काँक्रीट, वर जमिनीपासून सहा इंच उंच तळखडा (खांबाखालची बैठक). सात दिवस पाणी मारल्याशिवाय त्यावर भार नको. पाच बाय पाच इंचांचा ऐन किंवा किंजळीचा खांब पुरतो. त्याचं माप उचलून झाल्यावर घ्यायचं. बरेच सुतार खांब आधीच कापून आणतात आणि मग वर फट राहिली की लाकडाच्या चिपा कोंबतात. त्या चिपा दोन पावसाळ्यांत चेपतात आणि झोळ परत येतो. फट राहिलीच तर लोखंडी पट्टी घाला.

वाशांमध्येही एखादा लवलेला निघेल. तो काढत बसू नका. त्याच्या बगलेला त्याच उंचीचा सरळ वासा लावून दीड-दीड फुटावर १० मिलिमीटरचे बोल्ट वॉशरसह आवळा. नुसते खिळे हळूहळू सैल होतात.

मोटारसायकलींसाठी मध्ये खांब नकोच असेल तर लाकडाचा नाद सोडा. १०० बाय ५० मिलिमीटरचा चौकोनी पाईप दहा फुटांना छान चालतो, वीस फुटांना तोही झोळतो. तिथे १५० मिलिमीटरचा आय बीम लागेल. मीटरला १५ किलो, म्हणजे वीस फुटांचा नव्वद किलोंच्या वर; उचलायला चार माणसं हवीत. टोकाच्या चिऱ्याच्या खांबांवर काँक्रीटचा थर देऊन मगच तो टेकवायचा. हे खांब एवढा भार घेतील का, हे स्थानिक इंजिनिअरने येऊन बघितलेलं बरं. आमचं मत विचाराल तर मधला खांब उभा करा आणि गाड्या दोन्ही बाजूंना लावा.

प्रश्न : खांब आहेत तिथेच आहेत, पण पडवीचा एक कोपरा दोन इंच खाली गेलाय. का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : मध्यंतरी नवी फरशी बसवली असणार. फरशीवाले जमीन चार इंच उंच करतात आणि लाकडी खांबाचा पाय तळखड्यासकट सिमेंटमध्ये गाडून टाकतात. त्यात मुरलेलं पाणी बाहेर पडत नाही, पाय आतून कुजतो आणि वरून खांब धडधाकट दिसतो. खांबाभोवतीची एक फरशी काढून पेचकस टोचा, कळेल.

बाजूला प्रॉप लावून भार काढून घ्या. निरोगी लाकूड लागेपर्यंत खालचा भाग कापा, साधारण आठ-दहा इंच जातात. तेवढ्या उंचीचा दगडी किंवा काँक्रीटचा नवा तळखडा फरशीच्या वर येईल असा बसवा. कापलेल्या तोंडाला काजूच्या टरफलांचं तेल दोन हात द्या. हातमोजे घालूनच, ते कातडी भाजून काढतं. खांब आणि दगड यांच्यामध्ये लोखंडी पत्रा ठेवा, म्हणजे ओल वर चढत नाही.

प्रश्न : गडी रोजावर लावावेत की काम उक्तं द्यावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कौलं उतरवणं, धुणं, चढवणं उक्तं द्या, फुटलेल्या कौलांचं काय, ते आधी बोलून घ्या. शंभरात पाच-सात फुटणं चालायचंच. उचलण्याचं काम मात्र रोजावर. उक्त्यात घाई होते, आणि दोन सुतांच्या जागी आठ सूत फिरवले जातात. उचलताना हाळी एकाच माणसाने द्यायची, तुळईखाली कुणी उभं राहायचं नाही. छपरावर चढणाऱ्याने वाशाच्या रेषेतच पाय ठेवायचा, आणि शेवाळ ओलं असेल तर त्या दिवशी चढायचंच नाही. कौलाखाली विंचू निघतात. हात घालण्याआधी काठीने कौल हलवायला सांगा. हे सगळं होळीनंतर सुरू करा. मे अखेरीस सुतार मिळत नाही, मिळाला तर भाव सांगतो.

प्रश्न : गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाणी साचतं, पत्रा खोलगट झालाय.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आडव्या पाईपांतलं अंतर मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याखाली ते चार फुटांपेक्षा जास्त असेल तर दोन पाईपांच्या मध्ये आणखी एक पाईप घाला. उतार दहा फुटांना एक फूट तरी हवा. कमी असेल तर भिंतीकडची बाजू उचला. स्क्रू पन्हळीच्या खोलगट भागात मारले असतील तर गळणारच. ते काढून भोकं सीलंटने बुजवा आणि नवे स्क्रू रबरी वॉशरसह उंचवट्यावर मारा. रबर दबेल इतकंच आवळा, चिरडेल इतकं नाही.