प्रेसवर बोटाचं पेर गेलेला ऑपरेटर 'फिट' होऊन आलाय. त्याला लगेच त्याच मशीनवर लावावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, एका ऑपरेटरच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं, दोन महिन्यांनी डॉक्टरांनी फिट लिहून दिलं, तो सोमवारी हजर होतोय आणि मालक म्हणतात, "त्याच्याच प्रेसवर लाव, सवयीचं काम आहे."

सोमवारी लावू नका. मी भोसरीत अशाच एका कारखान्यात बरीच वर्षं सुपरवायझर होतो. पहिल्या वेळी मी लावला होता, म्हणून सांगतोय.

तो पोरगा पहिल्या पाळीला आला, सगळ्यांशी हसून बोलला, पण हात काही खिशातून काढेना. प्रेसवर उभा केला. ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, डायमध्ये (साच्यात) ठेवला, हात मागे घेतला आणि पॅडलवर पाय नुसताच ठेवून उभा राहिला. दाबेचना. मग दाबला तो एकदम, घाबरून. तासाभरात मी पाहिलं, तो ब्लँक तर्जनीने उचलतच नव्हता. अंगठा आणि मधल्या बोटात धरून तिरका आत सरकवत होता आणि त्यामुळे हात आधीपेक्षा जास्त आत जात होता. मी प्रेस बंद केला. नशीब आमचं.

डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं ते जखम बघून. तुमचा प्रेस त्यांनी पाहिलेला नसतो. म्हणून पुढच्या वेळेपासून मी अर्ध्या कागदावर काम लिहून कामगाराबरोबरच द्यायला लागलो: ब्लँकचं वजन किती, तासाला किती स्ट्रोक, कुठल्या हाताने उचलायचं, किती वेळ उभं राहायचं, भागांची बिन (पेटी) कोण उचलतं. खाली एकच प्रश्न, यातलं काय नको आणि कधीपर्यंत? दुसऱ्या कामगाराच्या वेळी डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग लिहून दिलं: महिनाभर जड बिन नको, बोटाच्या टोकाला मार आणि गारठा नको. गारठ्याचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. डिसेंबरच्या सकाळी पत्र्याला हात लावला की तुटलेल्या टोकात कळ जाते, हे नंतर त्या कामगारानेच सांगितलं.

आता पैशाचं, कारण घोळ तिथेच होतो. कारखाना ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) येत असेल आणि पगार महिना २१,००० च्या आत असेल तर तो त्यात असणारच. डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालू आहे तोवर त्याला पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते. त्या काळात "ये, नुसता बसून पॅकिंग कर" म्हणून बोलावणं हा मालकांचा आवडता उद्योग. बोलावू नका. ज्या दिवशी काम करून पगार घेतला त्या दिवसाची रक्कम त्याला मिळत नाही, आणि त्या दिवशी परत काही लागलं तर तुम्ही काय सांगणार? हलकं काम द्यायचं ते कामाला फिट असल्याचं फायनल सर्टिफिकेट झाल्यावर.

आणि हे त्याला तुम्हीच सांगा, कारण बहुतेकांना ठाऊक नसतं: कायमच्या नुकसानीसाठी ईएसआयच्या मेडिकल बोर्डाकडे अर्ज करता येतो. तर्जनीचं एक पेर गेलं तर कायद्याच्या तक्त्यात कमावण्याची क्षमता ९ टक्के गेली असं धरतात, पूर्ण बोट गेलं तर १४. त्या हिशेबाने रक्कम मिळते, आणि नोकरी चालू असली तरी मिळते. पगार सुरू झाला की ती बंद होईल या भीतीने एकाने आमच्याकडे अर्जच केला नव्हता. अपघाताचा रिपोर्ट ईएसआयकडे गेलाय ना, तेही बघा. गेला नसेल तर पुढचं सगळं अडतं.

सरकारी नोकरीत अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. खासगी कारखान्याला ते कलम लागू नाही. म्हणजे आतापासून त्याचं काय होणार, ते बरंचसं तुमच्यावर आणि मालकांवर.

हलकं काम म्हणजे झाडू मारायला लावणं नव्हे. दहा वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाला झाडू दिला की तो आठवड्यात "साहेब, मला काही होत नाही, प्रेस द्या" म्हणत येतो. खरं कारण वेगळंच असतं. प्रेसवर ओव्हरटाइम असतो, पॅकिंगला नसतो. घरात दोन महिन्यांची उधारी झालेली असते. त्यामुळे तो दुखणं लपवतो. त्या दुसऱ्या कामगारासाठी मी मालकांच्या मागे लागून तीन महिने सरासरी ओव्हरटाइमची रक्कम चालू ठेवायला लावली आणि त्याला इन्स्पेक्शनला गेजवर, म्हणजे पीसचं माप तपासायला, बसवलं. बर (कडेला राहणारी धारदार कोर) कुठल्या बाजूला येतोय हे तो पीस हातात घेताच सांगायचा. रिजेक्शन कमी झालं तेव्हा मालकांची कुरकुर थांबली.

ग्लोव्हजचं बघा. रिकामं पेर पुढे लोंबतं, ते अडकतं. टोक दुमडून शिवून घ्या. ड्रिलच्या आसपास तर ग्लोव्हज घालूच देऊ नका, हा नियम सगळ्यांनाच.

आणि तो प्रेस. बोट गेलं कसं? आमच्याकडे त्या दुसऱ्या कामगाराच्या प्रेसला दोन्ही हातांची बटणं होती, पण एक बटण लाकडाची खुंटी ठोकून कायमचं दाबून ठेवलेलं. प्रॉडक्शनसाठी. सगळ्यांना माहीत होतं, मलाही. खुंटी निघाली, डायपुढे गार्ड बसला, ब्लँक ठेवायला चिमटा आला, त्यानंतरच मी त्याला विचारलं, प्रेसवर परत जायचंय का? आधी मोटर बंद ठेवून नुसतं उभं राहून बघ म्हटलं. तो उभा राहिला, दोन्ही बटणं दाबून पाहिली, गार्ड हलवून पाहिला. मग म्हणाला, "बाजूच्या तिन्ही प्रेसला पण बसवा, मग येतो."

बसवायला पाच आठवडे लागले. तोवर तो गेजवरच होता.